मधुमेह : त्याची ओळख व त्यासह जगण्याची रीत



गेल्या उंसाच्या हंगामांत इंदापूर तालुक्यांतील एका वस्तीवर मी गेलों असतां एका ओळखीच्या गृहस्थांची भेट झाली. वय ५० च्या आसपास, अंगानें काटक, सारा जन्म शेतांत राबण्यांत गेलेला. त्यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्यास चिंधी बांधलेली होती. विचारलें असतां ते म्हणाले, "फडांत उंसाचा बुडखा लागला, साहेब. महिना झाला, भरून येईना. पण दुखत नाहीं, तेव्हां काळजी कसली?" त्यांच्या कारभारणीनें मात्र दाराआडून सांगितलें कीं, हे रात्रींतून चार-चार वेळां उठतात, आणि तांब्याभर पाणी प्याले तरी यांची तहान भागत नाहीं. दुसऱ्या दिवशीं त्यांस बारामतीस नेऊन रक्त तपासविलें. साखर ३०० च्या वर निघाली. तें ऐकून ते मजकडे पाहून म्हणाले, "साखरेचा रोग सावकाराला होतो. मी आपला घाम गाळणारा मनुष्य. मला कुठून आला?"

हा प्रश्न त्यांचा एकट्याचा नाहीं. "राबणाऱ्या, बारीक मनुष्यास हा रोग होत नाहीं," आणि "दुखत नाहीं, म्हणून काळजी नाहीं," ह्या दोन समजुती आपल्या गांवोगांवीं आहेत, व त्यांच्यापायीं पुष्कळांनीं आपले डोळे व पाय गमाविले आहेत. म्हणून आजच्या धड्यांत ह्या रोगाचा विचार करूं. उपदेशकांनीं हा धडा बैठकींत सावकाश वाचून दाखवावा, व शेवटीं दिलेले प्रश्न विचारून सर्वांस बोलतें करावें.

१. हा रोग म्हणजे काय?

आपण भाकरी, भात, फळ, जें कांहीं खातों, त्याचा बराच भाग जिरल्यावर साखरेच्या रूपानें रक्तांत उतरतो. ती साखर शरीराचें जळण होय. परंतु रक्तांतून ती स्नायूंत शिरावी यासाठीं दार उघडणारा एक रस लागतो. त्याचें नांव इन्सुलिन. जठराच्या मागें स्वादुपिंड नांवाची ग्रंथि आहे, ती हा रस तयार करिते. हा रस अपुरा पडला, किंवा शरीर त्यास दाद देईनासें झालें, म्हणजे साखर रक्तांतच सांचत जाते.

दारें धरणाऱ्या शेतकऱ्यास हें सहज समजेल. कालव्यास पाणी भरपूर आहे, शेतहि तहानलेलें आहे, परंतु चारीचें दार गंजून अडकलें आहे. अशा वेळीं पीक सुकतें, आणि कालव्याचे बांध मात्र पाझरून खचूं लागतात. मधुमेहांत तसेंच होतें. रक्तांत साखर असून अंगास थकवा येतो, आणि त्याच साखरेनें रक्तवाहिन्या आंतून खराब होत जातात. मूत्रपिंडें ती अधिक साखर पाण्याबरोबर बाहेर टाकूं लागतात. म्हणून लघवी वारंवार होते, व लघवी वारंवार होते म्हणून तहान लागते.

हा रोग आपल्या देशांत नवा नाहीं. रोग्याच्या लघवीस मुंग्या लागतात हें आपल्या प्राचीन वैद्यांनीं पाहिलें होतें, व त्यावरूनच मधुमेह हें नांव पडलें. सुश्रुतानें तर ह्या रोग्यांचे दोन वर्ग केले : एक जन्मतः प्रवृत्ति घेऊन आलेला, तो शरीरानें कृश, दुसरा अपथ्य आहारामुळें झालेला, तो स्थूल. तेव्हां बारीक मनुष्यास मधुमेह होत नाहीं ही समजूत जुन्या शास्त्रासहि धरून नाहीं.

आजचे वैद्य मुख्यतः दोन प्रकार सांगतात. पहिल्या प्रकारांत इन्सुलिन जवळजवळ मुळींच उरत नाहीं. हा बहुधा मुलांस व तरुणांस होतो, आणि त्यांस पहिल्या दिवसापासून इन्सुलिनची सुई घ्यावीच लागते. १९२१ सालीं कॅनडांतील टोरांटो येथें बँटिंग व बेस्ट यांनीं हा रस वेगळा काढला, व १९२२ च्या जानेवारींत लेनर्ड थॉम्पसन नांवाच्या १४ वर्षांच्या मरणोन्मुख मुलास तो प्रथम टोंचण्यांत आला. त्यापूर्वीं अशा मुलांच्या आईबापांस आशा नव्हती. आज तीं मुलें शाळेंत जातात, मोठीं होतात, संसार करितात. दुसरा प्रकार प्रौढपणीं हळूहळू येतो. आपल्याकडील बहुतेक रोगी ह्या दुसऱ्या प्रकारचे असतात, व पुढील विवेचन मुख्यतः त्यांच्यासाठीं आहे.

२. धोका कोणास अधिक?

आईबाप किंवा भावंडें यांपैकीं कोणास मधुमेह असेल, तर धोका अधिक. वय वाढतें तसा तो वाढतो. रक्तदाब ज्यांचा अधिक, बैठें काम ज्यांचें, तंबाखूचें व्यसन ज्यांस, अशांनीं सावध असावें. ज्या स्त्रीस गरोदरपणीं साखर वाढली होती तीस पुढें मधुमेह होण्याचा संभव पुष्कळ असतो. परंतु ह्या यादींत "लठ्ठपणा" हा शब्द ऐकून बारीक माणसें सुटकेचा श्वास टाकितात, तेथें आपण थांबूं.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व इंग्लंडांतील त्यांचे स्नेही डॉ. जॉन युडकिन यांनीं आपल्या दोघांच्याच शरीरांचें माप २००४ सालीं लॅन्सेट ह्या वैद्यकीय पत्रांत छापलें. उंचीच्या मानानें वजन दोघांचें अगदीं सारखें. परंतु इंग्रज डॉक्टरांच्या शरीरांत चरबी शेंकडा ९, आणि याज्ञिकांच्या शरीरांत शेंकडा २१. वजनकांट्यास जो भेद दिसला नाहीं तो आंत होता. आपल्या लोकांचे हातपाय बारीक, स्नायु कमी, परंतु चरबी पोटाभोंवतीं. आणि ही पोटाची चरबीच इन्सुलिनच्या कामांत आडवी येते. म्हणून वजनापेक्षां कमरेचा घेर मोजावा. पुरुषाचा घेर ९० सेंटीमीटर, म्हणजे सुमारें साडेपस्तीस इंच, व स्त्रीचा ८० सेंटीमीटर, म्हणजे सुमारें साडेएकतीस इंच, यांहून अधिक असेल तर तें सावधगिरीचें चिन्ह समजावें.

ह्या गोष्टीचें मूळ आईच्या पोटांत आहे. याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांची व त्यांच्या मुलांची पाहणी चालविली. तेथील नवजात बालकाचें सरासरी वजन सुमारें २.७ किलो भरलें. इंग्लंडांतील बालकाचें सुमारें ३.५ किलो. खेड्यांतील बाळें अशीं लहान असूनहि त्यांच्या अंगावरील चरबी त्या मानानें कमी नव्हती. कमी होतें तें मांस. पोटांत असतां ज्या बाळास ओढ सोसावी लागते, त्याचें शरीर काटकसरीस शिकतें व मिळेल तें सांठवूं पाहतें. पुढें त्याच बाळाच्या वांट्यास भरपूर खाणें व कमी श्रम आले, म्हणजे तीच काटकसर त्यास बाधते.

आतां आपल्या मुलखाकडे पाहा. बारामती व इंदापूर तालुक्यांचा पुष्कळ भाग अवर्षणाचा. १९७२ चा दुष्काळ ज्यांनीं पाहिला ते वृद्ध अजून आपल्यांत आहेत. एकीकडे जिरायत वस्त्यांची ही ओढ, आणि दुसरीकडे नीरा डाव्या कालव्याचें पाणी, माळेगांव, सोमेश्वर व भवानीनगर येथील साखर कारखाने, दारांत मोटारसायकल, खिशांत थोडे पैसे. ओढींत जन्मलेलें शरीर एका पिढींत सुबत्तेंत आलें. सुबत्ता वाईट नव्हे. तीसाठीं आपण राबलों. पण शरीराची जुनी सवय इतक्या लवकर बदलत नाहीं, हें ओळखलें पाहिजे. माझ्या त्या मित्राच्या प्रश्नाचें उत्तर बरेंचसें येथें आहे. त्यांच्या आईनें दुष्काळांत खडी फोडून त्यांस जन्म दिला होता, आणि अलीकडे दहा वर्षें त्यांची शेतीचीं बहुतेक कामें यंत्रानें होत होतीं.

हा प्रश्न आपल्याच दोन तालुक्यांचा नाहीं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साह्यानें झालेली एक मोठी पाहणी २०२३ सालीं प्रसिद्ध झाली. तिच्या अंदाजाप्रमाणें देशांत १० कोटींहून अधिक लोकांस मधुमेह आहे, व आणखी १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत.

३. परीक्षा कशी व केव्हां करावी?

ह्या रोगाचा मुख्य कपटीपणा हा कीं, तो वर्षानुवर्षें कांहीं न सांगतां राहतो. अति तहान, वारंवार लघवी, कारणावांचून वजन उतरणें, थकवा, अंधुक दिसणें, तळव्यांस मुंग्या येणें, जखम लवकर न भरणें, गुप्तांगास खाज, हीं लक्षणें दिसतीं तेव्हां साखर बरीच वाढलेली असते. म्हणून लक्षणांची वाट पाहूं नये. वयाचीं ३० वर्षें पूर्ण झालेल्या प्रत्येकानें आपल्या उपकेंद्रांत किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रांत जाऊन साखर व रक्तदाब तपासून घ्यावा. गांवच्या आशाताईंस विचारावें; ही तपासणी सरकारी केंद्रांत मोफत होते.

आंकडे लक्षांत ठेवावे. रात्रभर उपाशी राहून सकाळीं केलेल्या परीक्षेंत साखर १०० च्या आंत असावी. १०० ते १२५ असेल तर मनुष्य उंबरठ्यावर आहे. १२६ किंवा अधिक असेल तर तो मधुमेह होय. ग्लूकोज पाजून दोन तासांनीं केलेल्या परीक्षेंत २०० किंवा अधिक निघाली तरीहि तेंच. लक्षणें नसल्यास एका आंकड्यावर निर्णय न करितां परीक्षा पुन्हां करितात. एचबीए१सी नांवाची आणखी एक परीक्षा आहे. ती मागील सुमारें तीन महिन्यांचा हिशेब एकदम सांगते. तींत ६.५ किंवा अधिक म्हणजे मधुमेह. परीक्षेच्या दोन दिवस आधीं गोड सोडून डॉक्टरांस फसवितां येईल, पण ह्या परीक्षेस फसवितां येत नाहीं.

जे उंबरठ्यावर आहेत त्यांनीं निराश होऊं नये. उलट त्यांस वेळेवर सूचना मिळाली. चेन्नई येथील डॉ. रामचंद्रन यांनीं अशाच भारतीय लोकांवर केलेला प्रयोग २००६ सालीं प्रसिद्ध झाला. केवळ आहार व चालणें सुधारल्यानें तीन वर्षांत मधुमेह होण्याचें प्रमाण शेंकडा २८ नीं उतरलें. ह्यास ना मोठा पैसा लागला, ना मोठें रुग्णालय.

गरोदर स्त्रीची साखर पहिल्या भेटींत, व पुन्हां सहाव्या महिन्याच्या सुमारास तपासावी. सासूबाईंनीं सुनेस ह्यासाठीं स्वतः घेऊन जावें. तेथें एका रक्ताच्या थेंबांत दोन जिवांचें हित आहे.

४. रोग आहे असें कळल्यावर

पहिले कांहीं दिवस मनास फार जड जातात. कोणी रागावतो, कोणी नाकारतो, कोणी दुसऱ्या डॉक्टरांकडून "कांहीं नाहीं" असें ऐकावयास गांवोगांव हिंडतो. हें सर्व स्वाभाविक आहे. परंतु तीन गोष्टी लवकर मनांत रुजविल्या पाहिजेत. पहिली, बहुतेकांचा हा रोग मुळापासून जात नाहीं, पण ताब्यांत राहतो. दुसरी, ताब्यांत ठेविला तर मनुष्य कामधाम करून म्हातारपण पाहतो. तिसरी, ही देवाची शिक्षा नव्हे व कोणाचा शाप नव्हे. ज्याच्या शेतांत टोळधाड आली त्यास आपण पापी म्हणत नाहीं. तर ज्याच्या रक्तांत साखर आली त्यासहि म्हणूं नये. हा रोग एकापासून दुसऱ्यास लागतहि नाहीं. लग्नाच्या वेळीं तो लपवूं नये. लपविलेला रोग औषधावांचून राहतो.

अन्न. रोग्यासाठीं निराळी चूल नको. त्यास हितकर तें अन्न घरांतील सर्वांसच हितकर आहे. ताटाचे मनांत चार भाग करावे. दोन भाग भाज्या : मेथी, शेपू, चवळई, दोडका, घेवडा, कारलें, कोबी, काकडी. एक भाग वरण, उसळ, अंडें किंवा मासळी. भिगवणच्या बाजारांत उजनीची ताजी मासळी मिळते, ती तळण्यापेक्षां कालवणांत बरी. उरलेला एक भाग ज्वारी-बाजरीची भाकरी किंवा भात. भाकरी चांगली खरी, पण ती कितीहि खावी असा तिचा अर्थ नव्हे. तीन खाणाऱ्यानें दीडावर यावें व भूक भाजीनें भागवावी. दोन वेळां पोट फुटेस्तोंवर जेवण्यापेक्षां ठरलेल्या वेळीं थोडें थोडें जेवावें.

चहाचा हिशेब प्रत्येकानें करावा. दिवसांतून पांच कप, प्रत्येकांत दोन चमचे, म्हणजे दहा चमचे साखर केवळ चहांतून गेली. "साखर नको, गुळाचा करा," असें म्हणणारे पुष्कळ भेटतात. गूळ, काकवी व मध हीं रक्तांत जाऊन साखरच होतात. ह्या रोगांत त्यांस वेगळा मान नाहीं. रसवंतीवरील एका पेल्यांत सहा-सात चमच्यांहून अधिक साखर असते. आपला ऊंस आपलें पोट भरतो, परंतु तो विकावयाचा, प्यावयाचा नव्हे, असा मधुमेह्यानें नेम करावा. फळ अख्खें व थोडें खावें, रस काढून पिऊं नये. पेरू बरा; केळीं, द्राक्षें, आंबा व सीताफळ बेतानें.

घरीं आलेल्या पाहुण्यास गोड देण्याची, व नको म्हटल्यास आग्रह करण्याची आपली रीत आहे. नाताळांत उपदेशक दहा घरीं जातात, आणि दहा घरीं करंजी व गोड चहा पुढें येतो. "एकानें काय होतें?" हें वाक्य प्रेमाचें असतें, पण मधुमेह्यास तें दहादां ऐकावें लागतें. येथून पुढें प्रत्येक घरानें बिनसाखरेच्या चहाचें एक भांडें वेगळें ठेवावें, व विचारून द्यावें. हा खरा पाहुणचार.

चालणें. शेतावर राबणें व शरीरास नियमित व्यायाम होणें ह्या दोन गोष्टी नेहमींच एक नसतात. खुरपणीस तासन्‌तास बसून हात चालतात, पण दम लागत नाहीं. आठवड्यास निदान १५० मिनिटें, म्हणजे पांच दिवस अर्धा-अर्धा तास, बोलतां येईल पण गातां येणार नाहीं अशा वेगानें चालावें. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटें फिरल्यासहि गुण येतो. जेथें पायीं जातां येईल तेथें मोटारसायकल काढूं नये.

औषध. मेटफॉर्मिन ही जुनी, स्वस्त व पुष्कळदां प्रथम दिली जाणारी गोळी आहे. ती जेवणाबरोबर घ्यावी. साध्या गोळ्या सरकारी केंद्रांत मिळतात. अधिक तपासणीसाठीं इंदापूरचें सरकारी रुग्णालय व बारामतीचें शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. सर्वांत मोठी चूक ही कीं, साखर उतरली म्हणून गोळी बंद करणें. साखर उतरली ती गोळीमुळें. मोट थांबविली तर पाट आटणारच. कारल्याचा रस व जांभळाच्या बियांची पूड यांवर विसंबून औषध सोडूं नये. "सात पुड्यांत रोग मुळासकट," असें बाजारांत सांगणारा पुढच्या बाजारीं त्या गांवीं दिसत नाहीं. कोणी असेंहि विचारतात, "आमच्यासाठीं प्रार्थना झाली, आतां गोळी घेणें हा अविश्वास नाहीं काय?" नाहीं. पेरणीनंतर आपण प्रार्थना करितों व खुरपतोंहि. गोळी बंद करावयाची असेल तर ती डॉक्टरांनीं रक्त पाहून बंद करावी.

डॉक्टरांनीं इन्सुलिन सांगितल्यास घाबरूं नये. तो अखेरचा उपाय नव्हे. शरीरांत जो रस कमी पडला तोच बाहेरून दिला जातो. ज्या घरीं शीतकपाट नाहीं तेथें वापरांतील कुपी प्लास्टिकच्या पिशवींत बांधून, ओल्या वाळूंत ठेविलेल्या मडक्यांत, सावलीस ठेवावी. तीस ऊन लागूं देऊं नये, व बर्फांतहि घालूं नये. उघडलेली कुपी सुमारें महिनाभरच वापरावी.

५. साखर एकाएकीं उतरल्यास

इन्सुलिन व कांहीं गोळ्या यांमुळें, विशेषतः जेवण चुकल्यास, साखर ७० च्या खालीं जाऊं शकते. हात थरथरतात, दरदरून घाम सुटतो, छाती धडधडते, मनुष्य चिडतो किंवा गोंधळल्यासारखें बोलतो. अशा वेळीं गोड हेंच औषध. तीन चमचे साखर पाण्यांत विरघळवून ताबडतोब पाजावी. पंधरा मिनिटांत बरें न वाटल्यास पुन्हां द्यावी, व नंतर भाकरीचा घास खाऊं घालावा. मनुष्य बेशुद्ध असेल तर तोंडांत कांहींहि घालूं नये; तें श्वासनलिकेंत जाईल. त्यास कुशीवर करून तत्काळ रुग्णालयांत न्यावें.

जे रात्रीं दारें धरावयास एकटे जातात त्यांनीं खिशांत साखरेची पुडी ठेवावी, व जेवल्यावांचून निघूं नये. औषध चालू असतां उपास करावयाचा असल्यास आधीं डॉक्टरांस विचारावें. दारूचा घोट पोटांत असतां साखर रात्रीं झोपेंत उतरते, आणि जवळचे लोक "चढली आहे" म्हणून त्यास तसाच पडूं देतात. असे मृत्यु टाळतां येण्याजोगे आहेत.

६. पाय, डोळे व मूत्रपिंडें

आरंभीं सांगितलेल्या अंगठ्याकडे आतां वळूं. तो दुखत नव्हता, हीच तर वाईट गोष्ट होती. फार दिवस वाढलेली साखर पायाच्या शिरांची संवेदना मारते, व तेथें जाणाऱ्या रक्ताची वाट अरुंद करिते. मग कांटा मोडला तरी कळत नाहीं, व जखमेस भरून येण्यापुरतें रक्त मिळत नाहीं. दुखणें हा शरीराचा राखणदार आहे. राखणदार झोपला म्हणजे धन्यानें स्वतः फेरी घालावी लागते.

म्हणून रोज रात्रीं पाय कोमट पाण्यानें धुवावे. पाणी आधीं कोपरानें पाहावें, पायानें नव्हे. बोटांच्या बेचक्यांपर्यंत पुसून कोरडे करावे. तळवे उजेडांत पाहावे. वांकतां येत नसेल तर आरसा खालीं धरावा किंवा घरच्यांकडून पाहून घ्यावे. भेगांस तेल लावावें, पण बेचक्यांत नको. घरांत सुद्धां अनवाणी चालूं नये. वहाण घालण्यापूर्वीं ती झटकून आंत खडा नाहीं ना हें पाहावें. कुरूप पात्यानें कापूं नये. थंडींत शेकोटीजवळ पाय शेकूं नयेत. बधिर पाय भाजला तरी समजत नाहीं. जखम, फोड किंवा रंगांत बदल दिसल्यास त्याच दिवशीं दवाखाना गांठावा. हळद भरून महिना घालवूं नये.

वर्षांतून एकदां डोळ्यांच्या पडद्याची परीक्षा करावी, दृष्टि चांगली असली तरीहि. कारण पडदा बिघडूं लागतो तेव्हां आरंभीं कळत नाहीं. वर्षांतून एकदां मूत्रपिंडांसाठीं लघवी व रक्त तपासावें. रक्तदाब प्रत्येक भेटींत मोजावा. तंबाखू, विडी व मिश्री सोडावी. रक्तवाहिन्यांस साखर जें करिते तेंच तंबाखूहि करितो, आणि दोघे मिळून दुप्पट घाई करितात. मधुमेह्यास क्षयाची भीति इतरांच्या दुप्पट-तिप्पट असते. दोन आठवड्यांहून अधिक खोकला राहिल्यास थुंकी तपासावी.

७. घर व मंडळी

हा रोग एकट्यानें सांभाळण्याचा नव्हे. स्वयंपाक करणारी, बाजार आणणारा, गोळीची आठवण देणारें नातवंड, सर्वांचा त्यांत वांटा आहे. आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. घरांत पुरुषास मधुमेह झाला म्हणजे सर्व घर त्याच्याभोंवतीं फिरतें. स्त्रीस झाला म्हणजे ती सर्वांमागून उरलेलें खाते, आणि तिची गोळी संपली हें कोणास ठाऊक नसतें. असें आपल्या घरीं होत नाहीं ना, हें आजच पाहावें. मंडळींनीं महिन्यांतून एक दिवस ठरवून सर्वांनीं मिळून तपासणीस जावें. एकट्यास लाज वाटते, भाड्याचा खर्च जड जातो. दहाजणांस दोन्ही हलकीं होतात.

त्या गृहस्थांचा अंगठा वांचला नाहीं. तो काढावा लागला. परंतु जखम वर चढण्यापूर्वीं उपाय झाल्यामुळें पाय वांचला. मागील महिन्यांत मी पुन्हां त्या वस्तीवर गेलों होतों. संध्याकाळचें जेवण झाल्यावर त्यांची धाकटी नात हातांत बॅटरी घेऊन आली व आजोबांचे तळवे उलटून-पालटून पाहूं लागली. "बोटांच्या मध्यें पाहिलेंस काय?" असें त्यांनीं तीस विचारलें. तिनें पुन्हां पाहिलें, आणि मग म्हणाली, "कांहीं नाहीं, आबा." तेव्हां त्यांनीं पायांत वहाणा सरकविल्या व ते मला वाटेपर्यंत पोहोंचवावयास चालत आले.

विचारण्यासाठीं प्रश्न

१. बारीक व कष्टाळू मनुष्यासहि मधुमेह कां होऊं शकतो?
२. उपाशीपोटीं साखरेचा कोणता आंकडा उंबरठ्याचा, व कोणता रोगाचा?
३. साखरेऐवजीं गूळ घेतल्यानें लाभ होतो काय?
४. साखर एकाएकीं उतरली तर प्रथम काय करावें? बेशुद्ध मनुष्यास काय करूं नये?
५. दुखत नसलेल्या जखमेची अधिक काळजी कां घ्यावी?
६. आपल्या घरांत ३० वर्षांवरील कोणाची तपासणी अजून झालेली नाहीं? ती कोणत्या दिवशीं करावयाची?